एकाच वेळी चार डिस्क कशा जातात? लिनक्स सर्व्हरमधील अनेक कंट्रोलर कार्डांचा दोषशोध

सप्टेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील बॅकब्लेझ या कंपनीने आपल्या ‘स्टोरेज पॉड’ या यंत्राचा संपूर्ण आराखडा जाहीर केला, तेव्हा संगणकक्षेत्रात त्याची बरीच चर्चा झाली. ग्राहकांच्या संगणकांतील माहितीची प्रत इंटरनेटवरून घेऊन ती सांभाळणे हा या कंपनीचा व्यवसाय. त्यासाठी नामांकित कंपन्यांची महागडी साठवणयंत्रे विकत घेण्याऐवजी तिने बाजारात सहज मिळणारे सुटे भाग एकत्र आणले आणि एका लाल पेटीत दीड टेराबाइटच्या ४५ हार्ड डिस्क बसवल्या. एका पेटीची क्षमता ६७ टेराबाइट, खर्च ७,८६७ डॉलर आणि तीवर चालणारी प्रणाली डेबियन लिनक्स.

या पेटीतील सर्वांत बोधप्रद भाग मात्र डिस्क हा नव्हता. त्या डिस्कांना मदरबोर्डाशी जोडणारी चार लहान कार्डे हा तो भाग होय. साध्या मदरबोर्डावर सहा-आठ डिस्क जोडण्याची सोय असते. ४५ डिस्कांची नसते. म्हणून पॉडमध्ये प्रत्येकी दोन पोर्टांची तीन पीसीआय एक्स्प्रेस कार्डे आणि चार पोर्टांचे एक जुन्या पीसीआय पद्धतीचे कार्ड, अशी चार कंट्रोलर कार्डे बसवण्यात आली होती. त्यांतील नऊ पोर्टे वापरात होती आणि प्रत्येक पोर्टापुढे ‘पोर्ट मल्टिप्लायर’ असलेली एक पट्टी, तिच्यावर पाच डिस्क. नऊ पाचे पंचेचाळीस.

अनेक कार्डांची यंत्रे आता केवळ अशा कंपन्यांपुरती राहिलेली नाहीत. चित्रफितींचे संकलन करणारे स्टुडिओ, वास्तुविशारदांची कार्यालये, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, फार काय हौशी छायाचित्रकारांच्या घरीही बारा-सोळा डिस्कांचा लिनक्स सर्व्हर आढळतो. वर्षानुवर्षे तो कोपऱ्यात मुकाट्याने काम करतो आणि एखाद्या सकाळी चार डिस्क एकदम नादुरुस्त झाल्याचा संदेश देतो. माहिती कायमची गमावण्याचा खरा धोका याच क्षणी असतो. आणि तो डिस्कांच्या दोषापेक्षा पुढच्या अर्ध्या तासातील घाईमुळे अधिक असतो.

किती गेल्या, हे आधी मोजावे

एक हार्ड डिस्क बंद पडणे ही नित्याची गोष्ट आहे. चार डिस्क एकाच मिनिटात, आपापल्या स्वतंत्र कारणांनी बंद पडणे मात्र जवळजवळ अशक्य. तेव्हा त्या चौघींत समाईक काय आहे, हा दोषशोधातील पहिला प्रश्न ठरतो. डिस्कमधील माहिती केबलमधून कार्डाकडे, कार्डातून मदरबोर्डावरील स्लॉटकडे आणि तेथून ड्रायव्हरच्या मध्यस्थीने लिनक्सच्या कर्नलकडे जाते. दुसऱ्या बाजूने डिस्कला वीज येते. या दोन्ही वाटांवर जेथे अनेक डिस्क एकत्र येतात, तेथे संशयाची सुई प्रथम जावी.

गेलेल्या डिस्कांचा आकडाच पुष्कळदा दोषाचा पत्ता सांगतो. सर्व्हरांच्या कार्डांवर सर्रास आढळणारी एसएफएफ-८०८७ जोडणीची मिनी-सॅस केबल एका तोंडाला चार डिस्क सांभाळते. म्हणून नेमक्या चार डिस्क गेल्या असतील, तर केबल किंवा तिचे कार्डावरील तोंड तपासावे. आठ गेल्या आणि कार्ड आठ डिस्कांचे असेल, तर कार्ड अथवा त्याचा स्लॉट. पॉडसारख्या रचनेत पाच गेल्या तर मल्टिप्लायर. आकडा यांपैकी कशाशीच जुळत नसेल, उदाहरणार्थ एका कार्डावरच्या दोन आणि दुसऱ्यावरची एक, तर वीजपुरवठ्याच्या तारा कोठून कोठे गेल्या आहेत ते पाहावे. एका पॉवर केबलला स्वस्त स्प्लिटर लावून तीन-चार डिस्क लटकवलेल्या असतात आणि त्या स्प्लिटरचे प्लॅस्टिक उष्णतेने काळवंडलेले आढळते.

विजेचा हिशोब बहुधा कोणी करत नाही. साडेतीन इंची डिस्कची मोटार फिरू लागते, तेव्हा ती १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे दोन अँपियर ओढते. बारा डिस्क एकदम सुरू झाल्या तर २४ अँपियर, म्हणजे २८८ वॉट, केवळ मोटारींसाठी. यंत्र चालू असताना सर्व काही सुरळीत, पण बंद करून पुन्हा सुरू केले की दोन डिस्क हजेरी लावत नाहीत, असा अनुभव आल्यास दोष या क्षणिक ओढीत असू शकतो. पॉडमध्ये याच कारणासाठी दोन वीजपुरवठे होते आणि ते एकामागून एक सुरू करावे लागत. सर्व्हरांची बरीच कार्डे डिस्कांना टप्प्याटप्प्याने सुरू करू शकतात. ती सोय मुद्दाम चालू करावी लागते.

आधी नोंद, मग हात

सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह प्रथम आवरावा. कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ ही आज्ञा स्मृतीतील नोंदी वाचते आणि यंत्र बंद होताच त्या पुसल्या जातात. प्रणालीची रोजनिशी ज्या डिस्कवर लिहिली जाते ती डिस्कच गेलेली असेल, तर दुसरा पुरावा उरत नाही. म्हणून हे सर्व संदेश पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत.

ते वाचताना शेवटच्या नव्हे, पहिल्या चुकीकडे पाहावे. कार्ड अडखळले की त्यावरील प्रत्येक डिस्कच्या नावाने शेकडो तक्रारी उमटतात आणि वाचणाऱ्याला सर्वच डिस्क सडल्यासारख्या वाटतात. त्या गर्दीच्या काही सेकंद आधी कार्डाच्या ड्रायव्हरची किंवा पीसीआय मार्गाची एखादी ओळ असते. खरी बातमी त्या ओळीत असते.

यानंतर प्रत्येक डिस्कची ‘स्मार्ट’ नोंदवही पाहावी. त्यासाठी ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा आहे. तीत तीन क्रमांक विशेष महत्त्वाचे आहेत. पाचवा, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांची संख्या, आणि १९७ वा, म्हणजे वाचता न येणाऱ्या संशयित सेक्टरांची संख्या. हे दोन्ही आकडे वाढत असतील तर डिस्कच आजारी आहे. १९९ वा क्रमांक वेगळा. डिस्क आणि कार्ड यांच्यामधील प्रवासात माहिती बिघडली की तो वाढतो. त्याचा रोख केबलकडे, तोंडाच्या ढिल्या जोडणीकडे किंवा पट्टीकडे असतो. हा आकडा केबल बदलल्यावरही शून्यावर येत नाही. त्यामुळे केबल बदलूनही ‘दोष तसाच’ असल्याची समजूत होते आणि धडधाकट डिस्क भंगारात जाते. आजचा आकडा लिहून ठेवावा व आठवड्याने तो वाढला का एवढेच पाहावे.

कार्ड दिसते, पण डिस्क दिसत नाहीत

दुसरे किंवा तिसरे कार्ड नव्याने बसवल्यावर येणाऱ्या अडचणी निराळ्या असतात. त्यांत दोष कोणत्या पायरीवर आहे हे ठरवणे सोपे आहे, पण पायऱ्या गाळू नयेत. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेच्या यादीत कार्ड आहे का? नसेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेले नाही, मदरबोर्डाने तो स्लॉट दुसऱ्या कामासाठी बंद केला आहे, किंवा बायोसशी त्याचे जमत नाही.

बायोसची एक जुनी मर्यादा येथे आड येते. प्रत्येक कार्डावर यंत्र सुरू होताना चालणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला ऑप्शन रॉम म्हणतात. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये अशा सर्व प्रोग्रामांना मिळून जेमतेम १२८ किलोबाइट जागा असते आणि तीतही ग्राफिक्स कार्डाचा वाटा असतो. एक कार्ड चालते, दुसरे चालते, तिसरे बसवले की यंत्र सुरूच होत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते. ज्या कार्डावरील डिस्कवरून प्रणाली सुरू करायची नाही, त्याच्या ऑप्शन रॉमची गरजच नसते. बायोसच्या सेटिंगमध्ये त्या स्लॉटचा ऑप्शन रॉम बंद करावा. लिनक्सचा ड्रायव्हर पुढे कार्ड स्वतःच ताब्यात घेतो.

मोडीत निघालेल्या ब्रँडेड सर्व्हरांमधील कार्डे स्वस्तात मिळतात आणि ती चांगलीही असतात. पण त्यांतील काही साध्या मदरबोर्डावर बसवताच यंत्र सुरू होत नाही किंवा स्मृतीची मोजणी चुकते. कार्डाच्या कडेवरील बी-५ आणि बी-६ या दोन संपर्कपट्ट्या मदरबोर्डाच्या देखरेखीच्या वाहिनीत ढवळाढवळ करतात, हे त्याचे कारण. त्यांवर पातळ चिकटपट्टी लावणे हा उपाय ऐकायला गावठी वाटतो, पण तो जगभर वापरला जातो.

कार्ड यादीत आहे, पण त्याच्यासमोर ड्रायव्हरचे नाव नाही, अशी दुसरी स्थिती असते. याचे ठळक उदाहरण एलएसआय कंपनीच्या ‘सॅस २००८’ या चिपचे. ९२११-८आय हे लोकप्रिय कार्ड आणि आयबीएमच्या नावाने विकले गेलेले एम१०१५ ही दोन्ही याच चिपची. ही कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम विकत घेऊन तेच नाव धारण केले. त्यामुळे एकाच जातीची कार्डे यादीत निरनिराळ्या नावांनी दिसतात. लिनक्समधील त्यांचा ‘एमपीटी२सॅस’ हा ड्रायव्हर २०१६ च्या आरंभी आलेल्या ४.४ या कर्नलपासून ‘एमपीटी३सॅस’मध्ये विलीन झाला. पुढे मे २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ने याच ड्रायव्हरमधून ‘सॅस २००८’चा आधार काढून टाकला. कार्ड उत्तम, डिस्क उत्तम, केबल उत्तम. केवळ प्रणालीची आवृत्ती बदलली आणि सर्व डिस्क अदृश्य झाल्या, अशी अवस्था त्यातून उद्भवते. अशा वेळी पेटी उघडण्याऐवजी आधीच्या कर्नलने यंत्र सुरू करून पाहावे.

ड्रायव्हर आहे, तरी डिस्क नाहीत, ही तिसरी पायरी. वरील चिपची कार्डे दोन प्रकारच्या फर्मवेअरवर चालतात. एक प्रकार स्वतः डिस्कांचे संच बांधतो. दुसरा, ‘आयटी’ म्हणून ओळखला जाणारा, डिस्क जशाच्या तशा लिनक्सच्या स्वाधीन करतो. पहिल्या प्रकारात संच न बांधलेल्या डिस्क काही कार्डांवर दिसतच नाहीत. साठवणयंत्रासाठी आयटी प्रकार घ्यावा आणि सर्व कार्डांवर एकाच आवृत्तीचे फर्मवेअर ठेवावे. कर्नलच्या संदेशांत प्रत्येक कार्डाची आवृत्ती छापलेली असते. ती ताडून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. कार्डाच्या उष्णतेकडेही दुर्लक्ष होते. सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसाठी बनवलेले कार्ड शांत कॅबिनेटमध्ये दुसऱ्या कार्डाला खेटून बसवले, तर रात्रीच्या मोठ्या कॉपीच्या वेळी ते अडखळते आणि सकाळी हात लावावा तर सारे थंड, सारे ठीक.

नावांचा घोळ

लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे देते. सव्वीस अक्षरे संपली की एसडीएए. ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात, आणि अनेक कार्डांच्या यंत्रात कोणते कार्ड आधी तयार होईल याचा नेम नसतो. काल एसडीसी असलेली डिस्क आज एसडीके असू शकते. ‘एसडीसी खराब’ असे कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी एसडीसी काढणारा माणूस धडधाकट डिस्क काढून बसतो. दोषशोधातील सर्वांत महाग चूक बहुधा हीच.

यावर उपाय लिनक्समध्येच आहे. ‘डेव्ह’ निर्देशिकेतील ‘डिस्क’ या विभागात प्रत्येक डिस्कची अन्य नावे असतात. ‘बाय-आयडी’खाली निर्मात्याच्या अनुक्रमांकासह, तर ‘बाय-पाथ’खाली कोणत्या कार्डाच्या कोणत्या पोर्टावर ती आहे त्या पत्त्यासह. पहिले नाव डिस्क ओळखण्यासाठी, दुसरे दोष शोधण्यासाठी. गेलेल्या डिस्कांचे पत्ते शेजारी-शेजारी लिहिले की त्या एकाच कार्डावरच्या आहेत का, हे तत्काळ कळते. सर्व काही सुरळीत असतानाच हा तक्ता तयार करावा: कोणता कप्पा, अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे, कोणते कार्ड, कितवे पोर्ट. तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा. तक्ता सर्व्हरवरच फाइल म्हणून ठेवणारेही असतात. त्यांच्याबद्दल न बोललेले बरे.

यंत्र सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये असते. तेथे एसडीए-एसडीबी लिहिलेले असल्यास नवे कार्ड बसवताच यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत अडकते. तेथे नेहमी यूयूआयडी, म्हणजे त्या फाइल प्रणालीची स्वतःची ओळख, लिहावी.

वाट किती रुंद?

डिस्क जात नाहीत, पण सर्व्हर कासवगतीने चालतो, हाही दोषच. पॉडच्या पहिल्या आवृत्तीतील जुन्या पीसीआय कार्डाचा हिशोब पाहण्यासारखा आहे. त्या मार्गाची कमाल गती सेकंदाला १३३ मेगाबाइट आणि त्यावर तीन मल्टिप्लायर, म्हणजे १५ डिस्क. सर्व डिस्क एकदम वाचू लागल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला नऊ मेगाबाइटही येत नाहीत, तर इतर कार्डांवरील डिस्कांना त्याहून बराच मोठा वाटा मिळतो. पॉडमध्ये माहिती इंटरनेटवरून येत असल्याने रोजच्या कामात हे खटकत नसे. संपूर्ण डिस्क पुन्हा भरण्याची वेळ आली की खटकणे अटळ. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते कार्ड गेले आणि तीन एकसारखी पीसीआय एक्स्प्रेस कार्डे आली. २०१४ च्या चौथ्या आवृत्तीत मल्टिप्लायरही काढून दोन मोठ्या कार्डांना डिस्क थेट जोडण्यात आल्या.

आजच्या कार्डांतही हा सापळा आहे. स्लॉट लांबीला मोठा दिसतो, पण त्याच्या आत चारच मार्गिका जोडलेल्या असतात, किंवा दुसरे कार्ड बसवताच पहिल्याच्या मार्गिका निम्म्या होतात. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीत एका मार्गिकेची गती सुमारे ५०० मेगाबाइट, तिसऱ्या पिढीत ९८५. ‘एलएसपीसीआय’च्या सविस्तर यादीत कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष मिळालेली जोडणी अशा दोन ओळी असतात. क्षमता आठ मार्गिकांची आणि जोडणी एकीची, असे दिसले तर कार्ड काढून त्याच्या कडा पुसून पुन्हा बसवावे. फरक पडला नाही तर स्लॉट बदलावा.

संच पुन्हा जोडताना

बहुतेक साठवणयंत्रांत डिस्कांचा ‘रेड’ संच असतो. रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते, रेड-६ मध्ये दोन. कार्ड अडखळून चार डिस्क एकदम बाहेर पडल्या की संच थांबतो. तो थांबला हे चांगलेच आहे, कारण त्यानंतर काही लिहिले जात नाही. डिस्कांवरील माहिती जवळजवळ जशीच्या तशी असते. कार्ड वा केबल दुरुस्त केल्यावर त्या डिस्क पुन्हा दिसू लागतात आणि खरी परीक्षा सुरू होते.

लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड प्रत्येक डिस्कवर आपली नोंद ठेवतो. तीत संचाची ओळख, डिस्कचे स्थान आणि घटनांचा एक आकडा असतो. ‘एमडीएडीएम’ आज्ञेचा ‘एक्झामिन’ हा पर्याय ही नोंद केवळ वाचतो. सर्व डिस्कांचे आकडे लिहून घ्यावेत. एकदम बाहेर पडलेल्या डिस्कांचे आकडे इतरांपेक्षा थोडेच मागे असतात. अशा वेळी ‘असेंबल’ आणि ‘फोर्स’ या पर्यायांनी संच जोडता येतो. एखादीचा आकडा हजारोंनी मागे असेल, तर ती महिन्यांपूर्वीच गेली होती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिला या जोडणीतून वगळावे.

‘क्रिएट’ हा पर्याय मात्र येथे वापरू नये. तो जुना संच जोडत नाही, त्याच डिस्कांवर नवा संच बांधतो. डिस्कांचा क्रम चुकला, की माहितीचा चक्काचूर होतो. पूर्वी तुकड्याचा ठरावीक आकार ६४ किलोबाइट होता, नंतरच्या आवृत्त्यांत तो ५१२ झाला; जुन्या संचावर नव्या आवृत्तीने ‘क्रिएट’ केले, तर क्रम बरोबर असूनही निकाल चूक. माहिती अमूल्य असेल तर डिस्कांवर थेट प्रयोग न करता लिनक्सच्या ‘डिव्हाइस मॅपर’ने त्यांच्यावर एक तात्पुरता थर घालावा; सर्व लेखन त्या थरात जाते आणि मूळ डिस्कला धक्का लागत नाही.

दिलाशाची बाब अशी की, सॉफ्टवेअर रेडमध्ये डिस्क कोणत्या पोर्टावर आहे याला महत्त्व नसते. त्यामुळे यंत्र बंद करून संशयित डिस्क दुसऱ्या कार्डाला लावून पाहता येते. दोष डिस्कबरोबर गेला तर डिस्कचा, जागेवरच राहिला तर कार्डाचा किंवा केबलचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

एकेकटी डिस्क वारंवार बाहेर फेकली जाते आणि तपासणीत ती निर्दोष ठरते, याचे कारण वेळेच्या गणितात असते. घरगुती वापराची डिस्क एखादा अवघड सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभरही झगडते, लिनक्स मात्र ३० सेकंद वाट पाहून जोडणी तोडते. साठवणयंत्रांसाठीच्या डिस्क सात सेकंदांत हार मानून तसे कळवतात आणि रेड ती माहिती दुसरीकडून मिळवतो. डिस्कला ही मर्यादा घालता येत नसेल, तर लिनक्सची प्रतीक्षा वाढवून १८० सेकंद करावी.

संच नव्याने रचण्याची संधी मिळाली, तर कार्डाला धरून रचना करावी. तीन कार्डे आणि बारा डिस्क असतील, तर बारांचा एकच रेड-६ करण्याऐवजी सहा-सहांचे दोन संच करावेत आणि प्रत्येक संचाच्या दोन-दोन डिस्क तिन्ही कार्डांवर वाटाव्यात. मग एक संपूर्ण कार्ड जळाले तरी कोणत्याही संचातील दोनच डिस्क जातात. दोनऐवजी चार डिस्कांची जागा यात खर्ची पडते. ज्यांनी कार्ड जाताना पाहिले आहे, त्यांना हा सौदा महाग वाटत नाही.

दुरुस्तीनंतर संचाची संपूर्ण तपासणी चालवावी. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीने वाचण्यास साडेसात तास लागतात. या काळात सर्व कार्डांवर एकदम भार पडत असल्याने ढिली केबल किंवा तापणारे कार्ड याच वेळी उघडे पडते. डेबियनमध्ये ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होते. त्या सोमवारी सकाळी डीमेसेजवर एक नजर टाकावी आणि १९९ क्रमांकाचा आकडा झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यावर उतरवून घ्यावा.